एकशे चार दिवस

आमच्या घरी चौकशीचे फोन येतात. चौकशी म्हणजे लग्नाची. मुलगी कशी आहे, मुलगा पितो का, घरची माणसं भांडखोर आहेत का, असलं सगळं. सोलापुरात एकाच शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे अर्ध्या गावाची पोरं माझ्या हाताखालून गेली आहेत आणि उरलेल्या अर्ध्याला वाटतं की रुक्मिणीबाई खोटं बोलत नाहीत. आता सगळ्यांचे बायोडेटा मोबाईलवर असतात. त्यात फोटो असतो, पगार असतो, उंची तर असतेच असते. तरी शेवटी कोणीतरी फोन करतंच, "बाई, तुमच्या शाळेत होती ना हो ती?" आमचे हे, शरच्चंद्र, पोस्टातून निवृत्त झालेले. फोन वाजला की पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "घ्या, चौकशी आयोग, तुमचं काम आलं."

माझी पद्धत ठरलेली होती. विचारलं तेवढंच सांगायचं, खरं तेच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. याचा मला अभिमान होता, लपवत नाही. गणिताच्या पुस्तकात शेवटी उत्तरं दिलेली असतात, ती उघडून आपलं बरोबर आलं की चुकलं ते बघता येतं. जगण्याचंही असंच काहीतरी असणार आणि आपण रीत सोडली नाही तर उत्तर चुकणार नाही, असं मी धरून चालले होते.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुधनीहून फोन आला.

"मी चंद्रव्वा बोलते. आमच्या शिवराजसाटी एक पोरगी बघितलीया, ऋतुजा. तुमच्या शाळंत होती म्हनं. मुलीच्या आईनंच तुमचं नाव दिलं. तुमच्याशी बोलल्याबिगर पुडं जायाचं न्हाय असं ठरवलंय आमी. गुरुवारी येऊ का?"

"या," मी म्हणाले. फोन ठेवला आणि तिथंच खुर्चीत बसले. ह्यांनी पेपर खाली केला. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात मी फोननंतर अशी बसलेली त्यांनी पाहिली नव्हती.

"काय झालं गं?"

"रेश्माची मुलगी," मी म्हणाले. त्यांना तेवढ्यानं कळलं.

ऋतुजा दहावीत होती तेव्हा एकदा वह्या घेऊन स्टाफरूममध्ये आली आणि माझ्यासमोर उभीच्या उभी कोसळली. खोलीत मी एकटी होते. हातपाय झटके देत होते, डोळे फिरलेले. मी तिला कुशीवर वळवलं आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिले. फिट होती. पुढं आणखी दोन-तीनदा आली, मग उपचार सुरू झाले. आता सात वर्षांत एकदाही नाही, पण रोज रात्री गोळी घ्यावी लागते. शाळेत हे फक्त मला माहीत आहे. आणि चौकशीत एक प्रश्न ठरलेला असतो, 'मुलीला काही आजारबिजार?'

नुसतं एवढंच असतं तर मी नेहमीच्या रीतीनं सांगून मोकळी झाले असते. पण ऋतुजाची आई रेश्मा आहे, आणि रेश्माचं काय झालं ते मला ठाऊक आहे, कारण ते मी केलं.

रेश्माही माझीच विद्यार्थिनी. मी तेव्हा नोकरीला नवीन होते. नववीत असताना तिला टीबी झाला. त्या काळात टीबीचं नाव घेतलं की लोक त्या घरचं पाणी पीत नसत. तिचे वडील शाळेत आले, हात जोडून म्हणाले, "बाई, कुनाला सांगू नका." मी शब्द दिला. पोरगी बरी झाली, दहावी पास झाली. तीन वर्षांनी तिला स्थळ आलं. मुलाचे मामा शाळेत चौकशीला आले आणि त्यांनी विचारलं, "मुलगी शाळेला नियमित होती का?" मी जुनं हजेरीपुस्तक काढून आणलं, बोट ठेवून दाखवलं. नववीत एकशे चार दिवस गैरहजर. ते म्हणाले, "का?" मी म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही."

बघा, दोन्ही नियम पाळले. खोटं बोलले नाही आणि दिलेला शब्दही मोडला नाही. संध्याकाळी घरी येऊन ह्यांना ऐटीत सांगितलंसुद्धा.

स्थळ मोडलं. मोडलं एवढ्यावर थांबलं नाही. पंधरा वर्षांची पोरगी चार महिने कुठं होती, आणि बाईसुद्धा सांगायला का तयार नाहीत, याचा अर्थ लोकांनी आपापल्या मनानं लावला. शेवटी बापानं घाईघाईनं तिला करकंबच्या एका बिजवराला दिलं, तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठ्या. ऋतुजा सहा वर्षांची असताना तोही गेला. रेश्मा पोरीला घेऊन सोलापूरला परत आली, शाळेचे गणवेश शिवायला लागली, आणि पोरगी पाचवीला आली तशी प्रवेशाचा फॉर्म घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. "बाई, हिला तुमच्याच वर्गात द्या." मी दिलं. बाकी काही बोलायची माझी छाती झाली नाही, ती पुढं पंधरा वर्षं झाली नाही.

त्या रविवारी रात्री आशिषचा फोन आला. आमचा मुलगा, पुण्याला कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. मी त्याला नावं न घेता सगळं सांगितलं आणि विचारलं, "सांग आता, नियमानं काय बरोबर?"

"आई, तुमच्या पिढीला वाटायचं की वर कुठंतरी एक मोठा नियम आहे, सगळ्यांना सारखा. तो पाळला की आपण सुटलो. आता तसा एकच नियम कुणी मानत नाही. दहा आहेत, आणि दहाही आपापल्या जागी खरे. त्यातला निवडायचा आपण."

"म्हणजे कसंही वागलं तरी चालतं?"

"उलट गं. आधी नियमावर ढकलता यायचं. आता ढकलायला कोणी नाही."

"हे सांगायचा पगार देतात तुला?" म्हणून मी फोन ठेवला. पण ते 'ढकलायला' मला झोंबलं. कार्टं आईला बरोबर ओळखून आहे.

मंगळवारी संध्याकाळी मी रेश्माकडे शेळगीला गेले. आयुष्यात पहिल्यांदा, जिची चौकशी तिलाच जाऊन विचारणार होते. अशी पद्धत नाही. चौकशी पाठीमागे करतात, समोर कोणी करत नाही. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत निळ्या हाफ पँटींचा ढीग, मशीनवर रेश्मा. मी चपला काढल्या आणि पाणीही न घेता बोलून टाकलं, नाहीतर पुन्हा पंधरा वर्षं गेली असती.

"रेश्मा, ते एकशे चार दिवस मी सांगितले होते. त्या मामांना. हजेरी मीच दाखवली."

तिनं हातातली शिवण टोकापर्यंत नेली, दोरा तोडला आणि मग मशीन थांबवली.

"मला म्हाईत हाय, बाई."

"कधीपासून?"

"तवापासनं. माज्या बापाला त्यांनीच सांगितलं की. बाईंनी हजेरी दाखवली, पर कारन सांगंनात, म्हनले."

"आणि तरी पोरगी माझ्या वर्गात घातलीस?"

"तुमी खोटं न्हाई बोलला. अर्धं बोलला." ती पँटींच्या घड्या घालायला लागली, माझ्याकडं न बघता. "लई वर्सं राग होता, बाई. कशाला खोटं बोलू. मग ही पडली तवा मला शाळंत बोलावलं, तर तुमी हिचं डोकं मांडीवर घिऊन बसलेल्या. साडी सगळी भरलेली, पर उठला न्हाईत. तवा गेला राग. सगळा न्हाय, पर गेला."

मला रडू आलं. माझ्यासारख्या बाईला दुसऱ्याच्या घरी रडणं जमत नाही, नाकातून आवाज येतो. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"आणि चंद्रव्वांना माझं नाव तूच दिलंस," मी म्हणाले.

"कुनाचं तरी द्यावं लागतं की. दुसऱ्या कुनाचं दिऊ?"

तेवढ्यात ऋतुजा कामावरून आली. डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर असते. मला बघून ती काय समजायचं ते समजली. पंचवीस वर्षांची झाली, पण ओठ घट्ट मिटायची सवय दहावीतलीच.

"बाई, शिवराजला मी दुसऱ्या भेटीतच सांगितलंय. त्याला चालतंय. त्याच्या आईला कळायची गरज नाही. गोळी मी घेते, लग्न मी करतेय. तुम्ही सांगायचं नाही."

"आणि विचारलं तर?"

"नाही म्हणायचं."

"मी खोटं बोलत नाही, ऋतुजा."

"माझ्यासाठी एकदा बोला की." पेन मागावं इतक्या साधेपणानं ती म्हणाली.

"त्या घरात दहा माणसं आहेत म्हणे. गोळी कुठं ठेवशील?"

"पर्समध्ये. नऊला मोबाईलवर अलार्म आहे. व्हायब्रेटवर ठेवीन आणि बाथरूममध्ये जाऊन घेईन. त्यात काय."

त्यात काय! मला ती दिसायला लागली, रोज रात्री नऊ वाजता कडी लावून ओंजळीत पाणी घेणारी, पंचविशीची, पस्तिशीची, पन्नाशीची. सांगितलं तर मी तिचा विश्वास मोडते, नाही सांगितलं तर ती जन्मभर न्हाणीघरात लपते. रेश्माकडं पाहिलं तर ती म्हणाली, "तुमचं तुमी ठरवा, बाई. मी कायबी म्हननार न्हाय." ऋतुजा मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. रिक्षात बसताना म्हणाली, "सांगायचंच झालं तर मी सांगीन. तुम्ही नाही."

गुरुवारी चार वाजता चंद्रव्वा आल्या. एकट्याच. ठेंगणी, भक्कम बाई, कपाळाला विभूती, हातात कापडी पिशवी. पिशवीतून घरच्या तुरीची डाळ काढून माझ्या हातात दिली आणि दिवाणावर मांडी घालून बसल्या. हे मुकाट्यानं चहा करायला उठले, जे एरवी दिवाळीलाही करत नाहीत.

चंद्रव्वा लगेच मुद्द्यावर आल्या नाहीत. घरचं सांगत बसल्या. धान्याचं आडत दुकान, गल्ल्यावर मालक, मापाकडे धुळाप्पा नावाचा जुना माणूस, दोन दीर, त्यांची पोरं. "आमच्यात एक हाय बगा, बाई. दुकान बंद झाल्याबिगर ताट मांडत न्हाईत. धा वाजत्यात. समदे संगट जेवनार. सासऱ्यांनी घालून दिलेलं, चाळीस वर्सं झाली, एक दिस मोडलं न्हाय. मी बाळंतीन होते तवाबी धालाच जेवले." हे सांगताना त्यांची मान ताठ झाली. मला ती बाई आवडली. आवडली म्हणून जास्तच भीती वाटली, कारण नियमावर अशी मान ताठ झालेली मी आरशात बघितली आहे.

चहा झाला. कपबशी खाली ठेवून त्यांनी पदर सारखा केला.

"आता खरं सांगा, बाई. पोरगी मनाला आलीया माज्या. शिवराज तर हट्टच धरून बसलाय. पर तिला काय आजारबिजार न्हाय न्हवं?"

मी तीन दिवस या प्रश्नाची तयारी करत होते. 'नाही' म्हटलं तर खोटं. 'हो, फिट येत होत्या' म्हटलं तर खरं, पण ते माझं नव्हतं, त्या पोरीचं होतं. आणि 'मला सांगता येणार नाही' हे तर मी एकदा म्हणून बसले होते. ते कोणत्याही खोट्यापेक्षा वाईट निघालं. पुस्तकाच्या शेवटी बघावं तर तिथं पानंच नव्हती. मी मोबाईल उचलला आणि चंद्रव्वांच्या समोरच ऋतुजाला फोन लावला.

"ऋतुजा, शिवराजच्या आई माझ्याकडे बसल्यात. त्यांनी विचारलं. मी काही सांगितलेलं नाही. तू इथं ये."

मग ती म्हणाली, "बाई, हे बरोबर नाही केलंत."

"नसेल," मी म्हणाले. "चुकलं तर मी चुकले. ये."

फोन ठेवेपर्यंत चंद्रव्वांनी पिशवी उचलली होती. चेहरा बदललेला. "म्हंजे काय तरी हाय. ऱ्हाऊ द्या, बाई. मला संध्याकाळची गाडी हाय."

"पंधरा मिनिटं बसा. तिच्यासाठी नको, माझ्यासाठी बसा. ती येईपर्यंत मला तुम्हाला एक सांगायचंय. ते माझं स्वतःचं आहे, ते मी सांगू शकते."

आणि मी त्यांना एकशे चार दिवस सांगितले. टीबीच्या बाबतीत रेश्मा आता काही लपवत नाही, म्हणून तोही सांगितला. हजेरीपुस्तक, बोट ठेवलेली ओळ, करकंब, सगळं. ज्या बाईच्या शब्दावर विश्वास ठेवून त्या दुधनीहून आल्या होत्या, त्या बाईनं खरं बोलून काय करून ठेवलं होतं ते सांगितलं. हे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांच्यासमोरही मी हे इतकं सरळ कधी बोलले नव्हते.

चंद्रव्वांनी पिशवी मांडीवर घेतली होती, ती खाली ठेवली नाही. पण उठल्याही नाहीत. "पोरीच्या आयला म्हाईत हुतं?" एवढंच विचारलं.

"पहिल्यापासून."

"आनि तरी तिनं तुमचंच नाव दिलं."

"हो."

खाली स्कुटी थांबली. ऋतुजा दारात आली, हेल्मेट हातात, केस कपाळाला चिकटलेले. माझ्याकडं तिनं असं बघितलं की ते मी विसरणार नाही. तिथून परत गेली असती तरी मी तिला दोष दिला नसता. मग ती आत आली आणि खाली सतरंजीवर बसली.

"आई," ती चंद्रव्वांना म्हणाली. "दहावीत असताना मला फिट यायच्या. सात वर्षं झाली, एकदाही आलेली नाही. पण गोळी चालू आहे. रोज घ्यावी लागते. डॉक्टर म्हणतात लग्नाला, मुलाबाळांना काही अडचण नाही, फक्त त्यांना विचारून करायचं. कागद आहेत माझ्याकडं, दाखवते."

"शिवराजला म्हाईत हाय?"

"हो. आधीच सांगितलंय."

"आनि मला सांगनार नव्हतीस."

"नाही."

"का गं?"

"भीती वाटली," ऋतुजा म्हणाली आणि मान खाली घातली. दहावीत स्टाफरूममध्ये शुद्धीवर आली तेव्हाही ती हेच दोन शब्द बोलली होती.

चंद्रव्वा हातातल्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मला वाटलं, संपलं. आईचं मोडलं, आता लेकीचंही मोडलं, आणि दोन्ही वेळा मीच. या वेळी तर नियमही नव्हता पाठीशी घालायला.

"गोळी किती वाजता घेतीस?" चंद्रव्वांनी विचारलं.

"नऊला."

"वेळ चुकवून चालत न्हाय?"

"नाही."

"जेवून घ्यायची का उपाशीपोटी?"

"जेवून."

चंद्रव्वांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली आणि दिवाणावर शेजारची जागा हातानं थोपटली. "बा इल्ली, हिकडं ये," कानडी-मराठीत म्हणाल्या. ऋतुजा उठून त्यांच्याजवळ बसली, तसा त्यांनी तिच्या कपाळाला चिकटलेले केस मागं सारले.

"मग आमी साडेआठला जेवू की," त्या म्हणाल्या. "दुकानाकडं तेवढा येळ धुळाप्पा बघंल."